निर्मलाताईंचं उत्तर

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी लग्नपत्रिका आली, की वाचून झाल्यावर ती पहिल्या मजल्यावर निर्मलाताईंच्या दारात जायची. त्यांच्या दाराच्या कडीला एक कापडी पिशवी कायम अडकवलेली असे. तिच्यात पत्रिका टाकायची आणि बेल न वाजवता पुढं जायचं, असा सगळ्यांनी आपणहून पाळलेला नियम होता. हैदराबादेतल्या लग्नपत्रिका म्हणजे पत्रिका कसल्या, पेट्याच. जाड पुठ्ठा, आत केशरी कागद, त्याच्या आत पिवळा, कडेला सोनेरी वेल. "संसार टिको न टिको, कागद मातर पक्का लावतेत," असं ताई म्हणायच्या.

आठवड्याभरानं आपल्या दाराखालून एक पाकीट आत सरकायचं. त्यात आपण दिलेल्या पत्रिकांवरचे गणपती, बालाजी आणि कलश कडेनं नीट कापून परत केलेले असत. "देव तुमचा, कागद माझा," हा त्यांचा हिशेब. ताई बौद्ध. देवाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण दुसऱ्याच्या देवावर कात्री चालवणं त्यांना बरं वाटत नसे. पत्रिका कचऱ्यात टाकायला आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं, पण कापून परत आलेला गणपती टाकवेना. आमच्या घरात दहा-बारा वर्षांत असे गणपती साठत गेले. चहाच्या डब्यात गणपती, पासपोर्टच्या पाकिटात गणपती. माझा नवरा म्हणायचा, घर बदलायची वेळ आली तर आधी विसर्जनाची परवानगी काढावी लागेल.

पत्रिकांच्या त्या कागदाची ताई फुलं करायच्या आणि फुलांची भेटकार्डं. ठेंगण्या, सावळ्या, कायम सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि कपाळावर चष्मा. तो डोळ्यांवर फक्त कागद कापताना यायचा. माणसांकडं बघायला त्यांना तो लागत नसे. मूळ नांदेडकडच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या आणि एका सरकारी छापखान्यात बांधणी खात्यात एकतीस वर्षं राहिल्या. पुस्तकं वाचलेली माणसं मी पुण्यात ढिगानं पाहिली होती. पुस्तकं बांधलेलं माणूस हे पहिलंच. कुठलाही कागद हातात आला की त्या आधी तो अंगठ्यानं हलकेच वाकवून बघायच्या. कापडासारखं कागदालाही उभं-आडवं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. आडवा कागद घेतला तर पाकळी वळत नाही, मोडते. सरळ वळली ती पाकळी, मोडला तो कचरा.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यांच्याकडच्या चहानं. कंपनीनं आम्हाला पुण्याहून हैदराबादला पाठवलं आणि आम्ही नल्लकुंट्यात घर घेतलं, तेव्हा बिल्डिंगमध्ये मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. मी हरखून त्यांच्याकडं गेले आणि बसल्याबसल्या पुणेरी सवयीनं विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "सांगते. पन आधी चा घे. सांगितल्यावर लोकांचा चा थंड होतो."

मी तो चहा जिभेला चटका बसेल इतक्या घाईनं प्यायले. मग त्या म्हणाल्या, "वाघमारे." आणि माझी लाल झालेली जीभ बघून इतक्या हसल्या, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर पुण्याचं नाव निघालं की त्या विचारायच्या, "कसाय तुमच्याकडचा चा? गार का गरम?" हे टोमणे मला आयुष्यभर पुरले. मी ते मुकाट्यानं घेतले, कारण माझी लायकी तेवढीच होती.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगात त्राण नसायचं. जिना चढताना पहिल्या मजल्यावर ताईंचं दार उघडं असलं की मी आत जाऊन नुसती बसायचे. त्याही थकलेल्या असायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारे, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. दोघी थकलेल्या बायका समोरासमोर बसायच्या, त्यातली एक पाकळ्या वळवायची. "थकल्या हाताची पाकळी चांगली होते," असं त्या म्हणत. "ताज्या हाताला लई घाई."

फूल करायची त्यांची रीत मी इतक्यांदा पाहिली, की आज डोळे मिटूनही सांगेन. मोठ्यापासून लहानापर्यंत पाकळ्यांची पाच चक्रं कापायची. नव्या रबरी सपातेवर एकेक चक्र ठेवायचं आणि चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडं हळूहळू दाबत न्यायचं, की पाकळी आपोआप वर उठते. मग मैद्याची खळ काडीच्या टोकावर घ्यायची, फक्त मधोमध लावायची आणि एकावर एक थर बसवायचे, पण वरच्या थराची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर यायला पाहिजे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. एका फुलाला सकाळ जायची. खळीला कीड लागू नये यासाठी तिच्यात विषारी मोरचूद घातलेला असे, म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात "खाऊ नये" लिहिलेलं. घरात एकट्या राहणाऱ्या बाईनं हे कुणासाठी लिहिलं असेल, असा मला प्रश्न पडायचा.

एकदा मी त्यांना आमच्या कंपनीत नेलं. महिला दिनाचं काहीतरी करायचं होतं आणि मीच उत्साहानं नाव सुचवलं. थंडगार हॉलमध्ये चाळीस बायका, प्रत्येकीच्या हातात मोबाइल. ताईंनी सगळ्यांना सपाता आणि चमचे वाटले आणि पहिला तास नुसत्या पाकळ्या वळवायला लावल्या. खळीची डबी उघडलीच नाही. बायका चुळबुळायला लागल्या. शेवटी एकीनं विचारलं, "आंटी, इसमें कोई शॉर्टकट नहीं है क्या?"

"है ना," ताई म्हणाल्या. "दुकान से लेको आव."

त्या दिवशी एकही कार्ड पुरं झालं नाही. माझ्या मॅनेजरनं मला बाजूला घेऊन विचारलं, आउटपुट काय? मी ताईंकडं बोट दाखवलं. त्या एका नव्यानं लागलेल्या पोरीचा हात हातात घेऊन तिची बोटं चमच्यावर कशी ठेवायची ते दाखवत होत्या आणि त्या पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिला काय झालं होतं ते ताईंनी विचारलं नाही, मीही नाही.

बिल्डिंगमधली, ओळखीपाळखीची माणसं ताईंकडून कार्डं करून न्यायची. वाढदिवस, साखरपुडा, कुणाची निवृत्ती. ताई आत कधी काही लिहीत नसत. "आतलं ज्याचं त्यानं लिहावं. मी भाईरची." मागच्या बाजूला मात्र खाली कोपऱ्यात पूर्ण नाव आणि पत्ता लिहायच्या. छापखान्याची सवय, कुणी छापलं ते पुस्तकावर असायलाच पाहिजे.

वर्षातून एक कार्ड मात्र त्या स्वतःसाठी करायच्या. म्हणजे नातीसाठी. नोव्हेंबरात तिचा वाढदिवस. दसरा झाला की तयारी सुरू. त्या कार्डाला सगळ्यांत चांगला कागद, आणि ते टाकायला स्वतः बसनं आबिड्सच्या मोठ्या पोस्टात जायच्या. कोपऱ्यावरच्या पेटीवर त्यांचा विश्वास नव्हता. याही कार्डाच्या आत काही नसे. मी एकदा विचारलं, निदान "आशीर्वाद" तरी लिहा.

"कशात लिहू?" त्या म्हणाल्या. "मराठी तिला येत न्हाई. तेलुगू मला बोलता येती, लिहाया न्हाई. इंग्रजीत आशीर्वाद देऊशी वाटत न्हाई."

नातीचं नाव साहिती. ताईंची एकुलती मुलगी सुजाता, तिनं तिच्याबरोबर नोकरीला असलेल्या तेलुगू मुलाशी लग्न केलं. लग्नाला ताईंची ना नव्हती. जावई चांगला होता. साहिती तीन वर्षांची असताना त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि गृहप्रवेशाला ताईंना बोलावलं. पुढचं ताईंनी मला एकदाच सांगितलं, पाकळी वळवतानाच, मान वर न करता.

"दारातच सुजा मनली, आई, आज पाव्हन्यांत कुनाला जयभीम मनू नको. नमस्कार मन."

"मग?"

"मंग काय. मनले नमस्कार. सगळ्यांला मनले. जेवले. आन् आले."

"आणि नंतर?"

"नंतर गेले न्हाई."

सुरुवातीला सुजाताचे फोन यायचे. ताई "बरी हाय" एवढंच बोलून ठेवून द्यायच्या. एखाद्या वर्षानं फोनही थांबले. शहर तेच, बस थेट जाते, आणि चौदा वर्षं आई-लेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. ताईंच्या या हट्टाचा मला कधीकधी संताप यायचा. बाई सगळ्या जगाची पाकळी समजुतीनं वळवते आणि स्वतःच्या लेकीला मोडू देते. पण हे बोलायची माझी हिंमत नव्हती. ज्या बाईला माझा चहा गार होईल अशी भीती वाटली होती, तिला मी काय शिकवणार?

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी ताई विहारात गेल्या होत्या. मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर त्यांच्या बंद दारासमोर एक मुलगी उभी. सतरा वर्षांची असावी. पाठीवर मोठी सॅक, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात ताईंचं एक जुनं कार्ड. मागचा पत्ता बघून आली होती. मी ओळखलं.

तिला बस, पाणी पी म्हटलं, पण तिला वेळ नव्हता. ती दिलसुखनगरच्या एका कोचिंगच्या हॉस्टेलमध्ये राहत होती. तिथं मोबाइल काढून घेतात. रविवारी दोन तास बाहेर सोडतात, त्यात आई भेटायला येते. आज आई येणार नव्हती म्हणून ती आली होती. अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी, मध्येमध्ये इंग्रजी असं ती भराभर बोलली. मला इतक्या वर्षांत तेलुगूचे शब्द आले ते भाजीवाल्यापुरते. तिनं एका चिठ्ठीवर हॉस्टेलचा पत्ता लिहून माझ्या हातात दिला आणि जाता जाता म्हणाली, "आंटी, अम्मम्मा को बोलिए, cards अच्छे हैं. But नाकु उत्तरम कावालि. प्लीज. इस address पे."

"कावालि" म्हणजे हवं, हे मला ठाऊक होतं. उत्तर म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

ताई आल्यावर मी त्यांना चिठ्ठी दिली आणि जे ऐकलं ते सांगितलं. "कार्डं आवडतात म्हणाली. पण तिला उत्तर हवंय. या पत्त्यावर पाठवा म्हणाली."

ताई चपला न काढता तशाच खुर्चीवर बसल्या. "कशाचं, ते बोलली?"

"नाही."

"मला ठाव हाय कशाचं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून पत्रिकांची पिशवी ताईंच्या दारावर भरून वाहायला लागली आणि टेबलावर फुलांऐवजी वही आली. अम्मम्मा आपल्या घरी का येत नाही, याचं उत्तर नातीला द्यायचं होतं. त्या सकाळी लिहायच्या, दुपारी वाचायच्या आणि संध्याकाळी मी गेले की माझ्यापुढं ठेवायच्या. पहिल्या कागदावर गुडघ्यांचं दुखणं होतं. दोन दिवसांनी त्यांनीच तो फाडला. गुडघे दुखतात म्हणून कुणी चौदा वर्षं येत नाही, हे सतरा वर्षांच्या पोरीला कळतं. मग एकदा त्यांनी खरं लिहिलं. गृहप्रवेश, दार, नमस्कार, सगळं. अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही. मी वाचून वही परत दिली.

"असं लिहिलं तर सुजा उघडी पडती," त्या म्हणाल्या. "पोरीसमोर आईला उघडं पाडायचं? ती हॉस्टेलात एकटी. आईबिगर तिला कोन हाय? आन् न्हाई लिहिलं तर पोरगी मनायची, आजीला मीच नको व्हते."

"मग असं लिहा की तुमचं आणि आईचं काही कारणानं..."

"काय कारनानं?"

मी नखानं वहीची कड खरवडत बसले. त्या म्हणाल्या, "पुन्यात कसं सांगतेत असं काही?"

"पुण्यात सांगतच नाहीत, ताई."

त्या थोडंसं हसल्या. त्या सबंध पावसाळ्यात त्या एवढ्याच हसलेल्या मला आठवतात. मी एकदा सुचवलं, रविवारी नको तर आडवारी हॉस्टेलवर जाऊन भेटून या. "उत्तर न घेता कुठल्या तोंडानं जाऊ?" असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. जेवण तुटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं. मी दमून भागून जायचे, त्या मला दमलेल्या डोळ्यांनी पाहायच्या आणि वही पुढं सरकवायच्या. खरं सांगते, शेवटी शेवटी त्यांचं दार उघडं दिसलं की मी चप्पल हातात घेऊन पुढचा जिना चढायला लागले.

नोव्हेंबर आला आणि गेला. पहिल्यांदाच साहितीला कार्ड गेलं नाही. फूल झालेलं होतं, पाच थरांचं, गुलबक्षी रंगाचं; पण उत्तराशिवाय पाठवायचं नाही म्हणून ते तसंच ताटाखाली झाकून राहिलं.

डिसेंबरात एका सकाळी आमचा वॉचमन यादगिरी माझ्या दारात आला. त्याच्या हातात एक पाकीट होतं. "मेडम, तुमका उत्तरम आया."

मी घाईत होते. "कसलं उत्तर? मैंने किसको कुछ पूछा नहीं."

"पूछा नक्को मेडम. उत्तरम. लेटर, लेटर." आणि त्यानं ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं. विम्याचं पत्र होतं.

मी दारात उभी राहिले. उत्तरम म्हणजे पत्र. तेलुगूत पत्राला उत्तरम म्हणतात. त्या पोरीला कशाचंही उत्तर नको होतं. मोबाइल काढून घेतलेल्या, परीक्षेनं पिचलेल्या एका मुलीला आजीचं पत्र हवं होतं, कार्डाच्या आत चार ओळी. आणि मी, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी, बारा वर्षं या शहरात राहून त्या जिन्यावर एका शब्दाला चुकले होते, आणि त्या चुकीवर एका म्हातारीचे सहा महिने गेले होते.

ताईंना हे लगेच सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी तीन दिवस सांगितलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी गेले आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

ताईंनी चष्मा काढला. तेलुगू त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट येत होतं, त्यामुळं समजावून सांगावं लागलं नाही. "उत्तरम," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उत्तरम मनली व्हय ती."

"माझी चूक झाली, ताई."

"म्हंजी पोरीनं काही विचारलंच नव्हतं."

"नाही."

त्यांनी वहीची भरलेली पानं अंगठ्यानं चाळली. मला वाटलं आता बोलतील, रागावतील, आणि तेच व्हावं असं मला वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, "मंग सहा महिने कोन विचारू लागलं व्हतं मला? मीच की." आणि वही मिटून त्यांनी बाजूला ठेवली.

मी भाबडेपणानं म्हटलं, या वहीच्या कागदाचीच फुलं करू या, तिच्या कार्डाला.

"आलीस मोठी," त्या म्हणाल्या. "खळ लावली की शाई फुटती त्याची. रद्दीत दे."

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, त्या गुलबक्षी फुलाच्या कार्डात. अर्ध्या तासात. मराठीतच, नागरीत. पोरगी शाळेत हिंदी शिकलीय, अक्षरं तर लागतील, कळेल तेवढं कळेल, असं त्या म्हणाल्या. हे आधीही करता आलं असतं, ते आम्हा दोघींपैकी कुणीच बोललं नाही. पोस्टात टाकायला त्या तयार नव्हत्या. आता उशीर पुरे झाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही रिक्षानं दिलसुखनगरला गेलो. हॉस्टेलच्या फाटकावर संध्याकाळी पाच ते सहा खाऊ द्यायला येणाऱ्यांना भेटू देत. कोचिंगच्या पाट्यांनी आभाळ भरलेलं, हॉर्नचा गोंगाट, आणि फाटकाच्या गजांपलीकडं एका रंगाच्या गणवेशातली शेकडो थकलेली पोरं.

साहिती आली. तिनं आधी मला ओळखलं. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ठेंगण्या बाईकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून नुसतं "अम्मम्मा" निघालं. ताईंनी गजांमधून हात घालून तिच्या गालाला लावला आणि दुसऱ्या हातानं कार्ड दिलं. फुलाकडं पोरीनं पाहिलंही नाही. तिनं कार्ड सरळ उघडलं.

आत मोठ्या, सुट्या अक्षरांत ओळी होत्या. ती बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखी, मोठ्यानं वाचायला लागली.

"सा-हि-ती. मी बरी आहे. काल शे-पू-ची भा-जी केली." ती थांबली. "शेपू अंटे एंटि?"

"सोयाकूर," ताई म्हणाल्या.

"तुझ्या आईला ल-हा-न-प-णी शेपू आ-व-डा-य-ची नाही. ती भाजी मु-ठी-त घेऊन खि-ड-की-तू-न खाली टा-का-य-ची. खाली शे-ळी होती. शेळी?"

"मेका."

"शेळी ल-ठ्ठ झाली. मग मला क-ळ-लं. तुझी अम्मम्मा, निर्मला."

मेका कळल्यावर तिला सगळंच कळलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता गजांना कपाळ टेकवून रडायला लागली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घंटा झाली. पोरं आत पळायला लागली. तिनं कार्ड सॅकमध्ये ठेवलं, परत काढलं आणि घाबरत विचारलं, "अम्मम्मा, ये अम्मा को दिखाऊँ?"

सहा महिने एका उत्तरासाठी वही भरणाऱ्या ताईंनी या उत्तराला पळभरही वेळ घेतला नाही. "हौ, दिखा."

परतताना रिक्षात, नल्लकुंट्याच्या वळणावर त्या एवढंच म्हणाल्या, "लई दमले बाई आज." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेल्या.

नवऱ्याची बदली होऊन आम्ही त्यानंतर लगेच पुण्याला परत आलो, आणि ताई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. मला दोन दिवसांनी फोनवर कळलं. त्यामुळं शेवटच्या त्या मला दिसतात, त्या आमच्या सामानाची बांधाबांध चालू असतानाच्या एका रविवारच्या. मी दोरी आणायला खाली उतरले होते. फाटकाशी चाळिशीची एक बाई उभी होती. हातात पर्स घट्ट धरलेली. आत येत नव्हती, जातही नव्हती. ताईंच्या घरातल्या फोटोवरून मी तिला ओळखलं आणि मुकाट्यानं बाजूला झाले.

वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ताई आल्या. कठड्यावर दोन्ही हात ठेवून त्यांनी खाली पाहिलं. चष्मा कपाळावरच होता. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईनंही वर पाहिलं. समोरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री थांबवली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ताई म्हणाल्या,

"सुजे, आज शेपू न्हाई केली. ये वर."